टेकलं ते कळलं नाही

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी. आधी कौतुक, मग तक्रार, असा क्रम ठरवलाय.

तुझं मशीन आलं. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा आम्ही सगळे लग्नातल्या वऱ्हाडासारखे भोवती उभे होतो. क्रेनची केबिन अगदी हुबेहूब, हँडलं तीच, आणि काचांच्या जागी पडदे. पडद्यावर आमचं कंटेनरचं यार्ड! गेटजवळचा तो वाकडा दिव्याचा खांबसुद्धा सोडला नाहीस. खुर्चीत बसलं की उंचावर वाऱ्याने केबिन डुलते तशी खुर्ची डुलते. इंजिनियरसाहेबांनी विचारलं, कुठे बनलं हे? मी म्हणालो, आमच्या घरात. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं राहिलं.

फोन कर म्हणशील. नाही करणार. फोनवर तू टायपिंग करता करता 'हं, हं' म्हणतेस आणि मला ते ऐकू येतं. म्हणून मेल, पण पत्रासारखी. तूही तशीच लिही.

आता तक्रार. आयुष्यभर मी खाली उभा राहून वरच्या ड्रायव्हरला हातांच्या खुणा दाखवल्या. आता टेबलामागे बसून शिकवतो आणि वेळ झाली की तुझं लाल 'थांबा' बटण दाबतो. दाबलं की पडदा काळा व्हायला पाहिजे, खुर्ची सरळ व्हायला पाहिजे. रोज होतं तसं. पण काल एका जुन्या ड्रायव्हरची पाळी होती. मी 'थांबा' दाबलं आणि पडद्यावरचं चित्र तिथेच गोठलं. ना काळं होतं, ना हलतं. खुर्ची मात्र डुलतेच आहे! तो बिचारा आत बसून गोठलेल्या यार्डाकडे बघत डुलतोय. बाहेर काढला तेव्हा चेहरा पांढराफटक. शेवटी मी भिंतीतला मेन स्विच बंद केला.

जुन्या ड्रायव्हरांना केबिनमध्ये ठेवायचं की खाली उतरवायचं, हे आता या मशीनवर ठरणार आहे. प्रत्येकाला तीन पाळ्या. त्याची एक वाया गेली. बघ काय ते.

आता आशीर्वाद. भरपूर.

तुझा काका

५ फेब्रुवारी

काका,

नमस्कार आधीच करते, कारण पुढे भांडण आहे.

माझं 'थांबा' अडकत नाही. आम्ही ते शेकडो वेळा दाबलंय. आमच्या ऑफिसातला पोट्या (नाव नाही सांगत, पोट सुटलंय एवढंच) तर चहा पिता पिता कोपराने दाबतो. आजवर एकदाही अडकलं नाही.

तुला ते आतून कसं चालतं ते सांगते, म्हणजे उगाच माझ्या नावाने शंख करणार नाहीस. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी बरेच कामकरी राबत असतात. आम्ही त्यांना थ्रेड म्हणतो. त्यातला एक चित्रकार. त्याचं काम म्हणजे यार्डाचं चित्र काढ, पडद्यावर दाखव, पुसून पुन्हा काढ. गोल गोल तेच, डोळ्याची पापणी लवायच्या आत. दुसरा तुझ्या टेबलावर बसलेला. बटण त्याच्याकडे. तिसरा खुर्ची हलवतो.

आता टेबलवाल्याने चित्रकाराला मानगूट धरून बाहेर फेकलं तर? चित्रकाराच्या हातात रंग असतो, ब्रश असतो, पडद्याचा ताबा असतो. ते ज्याने घेतलं त्यानेच परत ठेवायचं असतं. फेकून दिलं तर सगळं तसंच अडकून पडतं आणि मशीनच मान टाकतं. म्हणून मी तसं केलेलं नाही. टेबलवाला फक्त झेंडा वर करतो. चित्रकार हातातलं चित्र पुरं करतो, झेंड्याकडे बघतो, सामान जागेवर ठेवतो आणि 'झालं' म्हणतो. मग टेबलवाला पडदा काळा करतो. यात अडकण्यासारखं काय आहे सांग.

तुझ्या त्या आजोबांचंच काहीतरी चुकत असणार. 'थांबा' झाल्यावर हँडल सोडून मधोमध येऊ द्यायचं असतं. ते घट्ट धरून बसले असतील, हात ऐकत नसेल. वय झालं की होतं. डोळे तपासून घ्यायला सांग. आणि खरंच हात ऐकत नसेल तर केबिनमधून उतरायला लाज कसली? वर कंटेनरची पेटी लटकत असते तेव्हा खाली माणसं असतात, काका. तुझ्यासारखी.

बाबा-आई बरे आहेत ना? बाबांना म्हणावं, भावाशी जरा जास्त बोलत जा, म्हणजे काकाला मला पिडायला वेळ राहणार नाही.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र त्या ड्रायव्हरला वाचून दाखवलं. मला वाटलं, चित्रकार आणि झेंडा ऐकून त्याला मजा वाटेल. वाटलीही. मग हँडलाचा भाग आला. मी तोंडातल्या तोंडात उरकायला बघत होतो, तर म्हणाला, नीट वाच. वाचलं. तर म्हणाला, "बरोबर लिहिलंय. माझाच हात असेल. तिला कळतं ते."

मी म्हणालो, अरे, मशीनसुद्धा चुकू शकतं. तर माझ्यावरच उखडला. "मशीनला कशाला नावं ठेवतोस? बाकीच्यांना होतं का तसं?"

नाही होत. तीच तर गोम आहे. नवी पोरं बसतात, बाकीचे जुनेही बसतात, मी दाबतो, पडदा काळा. परवा त्याची दुसरी पाळी झाली. पुन्हा चित्र गोठलं, पुन्हा खुर्ची डुलत राहिली. तो म्हणतो, मला गरगरलं, त्यात हँडल दाबून धरलं असेल. मी केबिनच्या दारातून त्याच्या हाताकडे बघत होतो. मला तर हात सैल दिसला. पण तो म्हणतो, तू मला सांभाळून घेतोयस.

आता एकच पाळी राहिली, महिनाअखेरीला, इंजिनियरसाहेबांसमोर. तो म्हणतो, मी बसतच नाही, आपणहून उतरतो, कोणाचा जीव जायच्या आत. अगं, त्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाच्या बुटाच्या टोकाला पेटी लागू दिली नाही! केबिन काढून घेतली तर घरात बसून काय करणार तो? पंख्याकडे बघत बसेल.

तू भांड माझ्याशी, हवं तेवढं. पण एकदा नीट बघ. मला काहीतरी खटकतंय.

काका

१४ फेब्रुवारी

काका,

बघितलं. दोन दिवस दुसरं काहीच केलं नाही. पोट्याला ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनच्या खुर्चीत बसवलं, मी टेबलावर. मग मी खुर्चीत, तो टेबलावर. त्याने पेट्या अशा आपटल्या की खऱ्या असत्या तर गावभर आवाज गेला असता. हँडल मुद्दाम घट्ट धरून ठेवलं. गंमत म्हणजे त्यानेही काही अडकलं नाही. पडदा काळा झाला, फक्त खुर्ची सरळ व्हायला वेळ लागला. म्हणजे मी तुला हँडलाचं जे छातीठोकपणे लिहिलं, ते साफ चूक होतं. त्या काकांना सांग, त्यांचा हात नाही. माझ्या वतीने सांग. आजोबा म्हटलं तेही परत घेते.

पण मग अडकतं कशाने? तेच दोनदा, त्याच माणसाच्या वेळी, आणि दुसऱ्या कोणाच्याच नाही. यंत्राला माणूस ओळखू येत नाही, काका. त्यामुळे त्या माणसाच्या वेळी काहीतरी वेगळं घडतंय, नक्की. मला ते सापडणार. मी सोडणारी नाही, तुला माहीत आहे.

आता हे सांग, आणि गोष्टी न सांगता सांग. तू 'थांबा' कधी दाबतोस? नेमकं कधी? मनात आलं की, घड्याळ बघून, की आणखी कशावरून? आणि त्याच्या वेळी तू वेगळं काय करतोस?

भिंगरी

१७ फेब्रुवारी

भिंगरे,

मी कधी दाबतो? हा काय प्रश्न झाला? पेटी टेकली की दाबतो. पेटी हवेत लटकत असताना मी कधी ड्रायव्हरला थांबवलं नाही, मग ती खोटी का असेना. तुझा पोट्या कोपराने दाबतो म्हणालीस तेव्हाच मला राग आला होता. त्याला इकडे पाठव, चार दिवस भर उन्हात हात दाखवायला उभा करतो.

वेगळं म्हणशील तर वेगळं काही करत नाही. उलट त्याच्या वेळी काही करावंच लागत नाही. बाकीचे पेटी आपटतात. ती उडी मारते, पुन्हा बसते, दोर झोल खातो. सगळं शांत होईस्तोवर मी बटणावर बोट ठेवून वाट बघतो. याच्या वेळी वाट बघायची गरज नाही. पेटी खाली यायला लागली की माझं बोट आपोआप जातं, आणि पेटी टेकते त्याच क्षणी दाबलेलं असतं. इतकी वर्षं तो वर आणि मी खाली. वॉकीटॉकी आल्या तरी आम्ही कधी वापरल्या नाहीत. त्याचा हात कधी थांबणार ते मला पडद्याकडे न बघताही कळतं.

आणि टेकवणं म्हणजे काय सांगू! टेकलं ते कळत नाही. जमिनीलाही नाही.

यात तुझ्या कामाचं काही असेल तर घे. नसेल तर म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून दे.

काका

१८ फेब्रुवारी

काका,

खुर्चीत बाबा आहेत ना?

"टेकलं ते कळत नाही." हे आईचं वाक्य आहे. मी लहानपणी सोफ्यावर झोपायचे, बाबा उचलून अंथरुणावर ठेवायचे, आणि आई सकाळी सगळ्यांना सांगायची, यांनी टेकवलं ते पोरीला कळलं नाही. मला वाटलंच कसं नाही? बाबाही त्याच यार्डात क्रेनवर आहेत, त्यांनाही पाळ्या द्याव्या लागणार, हे मला सुचलंच नाही. इतकी वर्षं तो वर आणि तू खाली, असा दुसरा कोण आहे तुझा? आणि मी लिहिलं, डोळे तपासा. लिहिलं, उतरायला लाज कसली. आजोबा म्हटलं माझ्या बापाला. आणि तू ते वाचून दाखवलंस! काका, तुला काय म्हणू मी? काही म्हणत नाही, कारण म्हणायला लागले तर थांबायची नाही. पत्र वाचून आधी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, मग तोंड धुऊन कामाला लागले.

सापडलं. तुझ्या पत्रातच होतं.

पेटी टेकते त्या क्षणी चित्रकार टेबलवाल्याला निरोप पाठवतो. 'टेकली, एवढ्या जोराने टेकली, गुण मांडून घे.' आणि टेबलवाला 'मिळालं' म्हणेपर्यंत थांबतो. एरवी हे इतकं झटकन होतं की कोणाला पत्ता लागत नाही. पण नेमक्या त्याच क्षणी कोणी 'थांबा' दाबलं तर? टेबलवाला झेंडा वर करतो आणि चित्रकार 'झालं' म्हणेपर्यंत कान बंद करून उभा राहतो. मधे कोणाचं काही ऐकत नाही. मीच तसं लिहिलंय. आता चित्रकार म्हणतो, तू 'मिळालं' म्हण, मग मी झेंड्याकडे बघतो. टेबलवाला म्हणतो, तू 'झालं' म्हण, मग मी तुझं ऐकतो. दोघेही उभे, एकमेकांची वाट बघत, जन्मभर. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच. खुर्चीवाल्याला यातलं काही माहीतच नाही, तो आपला डुलवतोय.

तो क्षण इतका बारीक आहे की मी आणि पोट्याने दिवसभर प्रयत्न केला तरी तो पकडता येईना. शेवटी मी एक छोटा प्रोग्रॅमच लिहिला, पेटी टेकताच बटण दाबणारा. पहिल्याच खेपेला अडकलं! पोट्या म्हणाला, माणसाला जमणारच नाही हे. मी म्हटलं, दोन माणसांना जमतं.

बाकी कोणाच्या पेट्या उड्या मारतात म्हणून तू थांबतोस. बाबांची उडी मारत नाही म्हणून तू थांबत नाहीस. तुमच्या दोघांच्या हातांत अंतरच राहिलेलं नाही, आणि माझा प्रोग्रॅम बरोब्बर तिथेच कच्चा होता.

दुरुस्त केलंय. आता चित्रकार निरोप टेबलावर ठेवतो आणि उत्तरासाठी खोळंबत नाही. टेबलवाला झेंडा वर केल्यावरही कान उघडे ठेवतो. चित्रकार आपलं सामान आपल्याच हाताने ठेवून 'झालं' म्हणतो, त्यानंतरच पडदा काळा. मी तो क्षण हजारदा पकडून बघितला. नवा प्रोग्रॅम सोबत पाठवतेय. बाबांना सांग, चूक माझी होती. पूर्ण माझी.

भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

हो. दादाच.

त्याने मला गळ्याची शपथ घातली होती. म्हणाला, तिला कळलं की मी बसतोय, तर ती माझ्यासाठी सोपं करून ठेवेल, मग मला काय कळणार मी अजून उभा आहे की नाही ते. म्हणून बोललो नाही. आणि पत्र वाचायची चूक माझी, त्याबद्दल तू दे शिव्या, मी घेतो. दादा गप्प माणूस. पण त्या रात्री वहिनीला म्हणाला म्हणे, "पोरीने लिहिलंय ते खरंच असणार, ती चुकायची नाही."

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहून सांगता येत नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाने स्वतःच्या हातावर कधी शंका घेतली नव्हती. आणि घेतली ती तुझ्यावर घ्यायची नव्हती म्हणून.

तुझा नवा प्रोग्रॅम टाकला. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, या वेळी सगळं, जिन्यातलं रडणंसुद्धा. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पोर मला सांभाळून घेतेय. आता तिने सोपं केलंय." आणि उठून गेला. इंजिनियरसाहेबांना सांगून आलाय की महिनाअखेरीला खाली उतरतो, तिसरी पाळी नको. साहेब म्हणाले, तोवर विचार करा. विचार कसला करणार, तो ठरवून बसलाय.

माझं ऐकत नाही. मी त्याला सांभाळून घेतो हे त्याचं पक्कं मत आहे. आता तूच काय ते कर. लवकर कर.

काका

२१ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र काकाने वाचून दाखवायचं नाही. तुम्ही चष्मा लावून स्वतः वाचा.

मी तुम्हाला विश्वास ठेवा म्हणणार नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणूनच हे सगळं झालंय. तुम्ही स्वतः बघा. आणि नव्या प्रोग्रॅमवर बसूच नका. तो काढून टाकायला सांगा. जुना घाला, तोच, ज्यात तुम्ही दोनदा अडकलात. त्यात मी एक अक्षर बदललेलं नाही, सोपं करायचा प्रश्नच नाही.

आधी काकाला भिंतीकडे तोंड करून उभा करा. बटण इंजिनियरसाहेबांना दाबू दे. ते दिसेल तेव्हा दाबतील, म्हणजे उशिरा. तुम्ही पेटी टेकवा, अगदी नेहमीसारखी. अडकणार नाही. तुमचे डोळे गेले असते, हात गेला असता, तर साहेबांच्या वेळीही अडकलं असतं ना?

मग काकाला टेबलावर बसवा. पेटी टेकली की दोन्ही हात हँडलावरून काढून मांडीवर ठेवा. काका त्याच्या सवयीने दाबेल. अडकेल. हात मांडीवर असतानाही अडकेल. आणि खुर्ची डुलतच राहिली तर घाबरू नका, ती मीच डुलवतेय.

एवढं झालं की नवा घाला आणि तिसरी पाळी द्या. नंतर उतरायचं असेल तर उतरा, मी काही म्हणणार नाही. पण माझ्या चुकीमुळे नका उतरू. तेवढं मला सहन होणार नाही.

बाबा, मी चुकते. तुमच्या पोरीला चुकता येतं. लहानपणी गणितात येत होतंच की.

तुमची भिंगरी

१ मार्च

बाळ,

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझा काका सांगतो तसं टाइप करतोय, म्हणजे तो सांगतो एक आणि मी लिहितो दुसरं.

तुझं पत्र वाचलं, चष्मा लावून. मग दोन दिवस तसाच कामावर जात राहिलो. तुझी आई म्हणाली, बघायला काय जातंय? तेव्हा साहेबांकडे गेलो. तेही तयार झाले. त्यांना मजा वाटत असावी.

जुना प्रोग्रॅम घातला. काकाला भिंतीकडे उभा केला. त्याला ते फार लागलं, शाळेत उभा केल्यासारखं. मी पेटी टेकवली. साहेबांनी दाबलं. पडदा काळा. पुन्हा एकदा केलं, पुन्हा काळा.

मग काका बसला. मी पेटी खाली आणली, टेकवली, हात उचलून मांडीवर ठेवले. आणि चित्र गोठलं. खुर्ची डुलतच राहिली. माझे हात माझ्यासमोर मांडीवर होते, बाळ. मी त्यांच्याकडे बघत बसलो. मेन बंद करेपर्यंत मी तसाच डुलत होतो आणि हसत होतो. साहेबांना वाटलं, मला काही झालं. तुझा प्रोग्रॅम बिघडलेला बघून इतका आनंद झाला, त्याबद्दल रागावू नकोस.

नंतर नवा घातला आणि खरी पाळी दिली. साहेबांनी वारा वाढवला होता, मला न सांगता. पेटी रांगेत बसवली. काकाने दाबलं, नेहमीच्या वेळी. चित्र गडबडलं नाही, अडकलं नाही. पडदा काळा झाला, खुर्ची सावकाश सरळ झाली. साहेबांनी कागदावर सही केली. मी केबिनमध्येच आहे. उतरेन तेव्हा माझ्या मर्जीने उतरेन, तुला आधी सांगून.

साहेब विचारत होते, एवढं सारं झालं तरी तुम्हाला एकदाही मशीनचा संशय कसा आला नाही? मी म्हटलं, तुमच्या मुलीने बनवलं असतं तर तुम्हाला आला असता का?  तू पत्रात लिहिलंस की तू चुकतेस. बरं. चुकत जा. पण मला पुढच्या वेळीही आधी माझाच हात वाटणार, ते काही बदलायचं नाही.

काका आता चहाला उठलाय, म्हणून त्याला न सांगितलेली एक गोष्ट तुला सांगतो. पडदा काळा झाल्यावर मी लगेच उठलो नाही. खुर्ची सरळ झाली ती केव्हा झाली, ते मला समजलंच नाही. इतकं हळू केलंयस तू ते. आईला घरी येऊन सांगितलं, पोरीने मला टेकवलं ते कळलं नाही. तिने स्वयंपाकघरातच डोळे पुसले.

आता तुला झोपेत उचलण्याएवढी ताकद माझ्यात नाही. पण एकदा घरी ये. सोफा अजून तिथेच आहे.

बाबा